तुर्की कॉफीला फेस येत नाहीये (आणि गाइडने सांगितलेलं खरं किती?)

तांबडीमाती | शनिवार, सकाळी ९:०५

मंडळी, गेल्या महिन्यात इस्तंबूलला जाऊन आलो. सगळे आणतात तसे निळ्या डोळ्याचे मणी आणि लोकुमचे (तिकडची मिठाई) दोन डबे आणले, आणि हौसेने तांब्याचं एक जेझवे आणलं. जेझवे म्हणजे लांब दांड्याचं, बुडाशी रुंद आणि गळ्याशी निमुळतं भांडं. सौ.नी बघताक्षणी "तूप कढवायला छान आहे" म्हणून ताब्यात घेतलं होतं, ते मोठ्या मुश्किलीने सोडवलं.

एमिनोन्यूला मसाल्याच्या बाजाराला लागून कुरूकाहवेजी मेहमेत एफेंदींचं दुकान आहे, १८७१ पासूनचं. पाडव्याच्या आदल्या दिवशी श्रीखंडाला असते तशी रांग. आत माणसं अशा वेगाने कागदाच्या पुड्या बांधतात की हात दिसत नाहीत. तिथून अर्धा किलो पूड घेतली.

आता रडगाणं. तिथे कपावर जाड, पिवळसर तपकिरी फेस असायचा. माझ्याकडे काळं पाणी आणि खाली चिखल. सात वेळा करून झालं. काय चुकतंय?

दुसरं म्हणजे गाइडने तीन गोष्टी ठोकून दिल्या: कॉफी जगाला तुर्कांनी दिली, एका सुलतानाने कॉफी पिणाऱ्यांची मुंडकी उडवली, आणि मुलगी बघायला आलेल्या मुलाला मीठ घातलेली कॉफी देतात. यातलं खरं किती?

खमंग | शनिवार, सकाळी ९:२०

तिसरी खरी निघाली तर आपल्याकडे कांदेपोह्यांत ती प्रथा लगेच सुरू करावी.

दीडशहाणी | शनिवार, सकाळी ९:३१

@खमंग, आमच्याकडे आधीच सुरू होती. मुद्दाम नव्हे, आत्याने आणि आईने दोघींनी मीठ घातलं होतं. नवरा अजून ऐकवतो.

बखरवाचक | शनिवार, सकाळी १०:४८

गाइडचा पहिला मुद्दा साफ चूक. कॉफीचं झाड इथिओपियातलं, आणि पेय म्हणून ती रुळली पंधराव्या शतकात यमनच्या सूफींमध्ये. रात्रभर जिक्र (नामस्मरण) करताना झोप येऊ नये म्हणून प्यायचे. तिथून मक्का, कैरो आणि मग इस्तंबूल. १५११ साली मक्केत खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदीही घातली होती. कैरोच्या सुलतानाने ती फिरवली. म्हणजे तुर्कांच्या हाती कॉफी लागली तेव्हा तिच्यावरून एक भांडण आधीच होऊन गेलं होतं.

इस्तंबूलमधल्या कॉफीखान्यांबद्दल इब्राहिम पेचेवी या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. हिजरी ९६२, म्हणजे १५५४-५५ च्या सुमारास हलबचा (आजचं अलेप्पो) हकम आणि दमास्कसचा शम्स अशा दोघांनी ताहताकाले भागात दुकानं थाटली. ताहताकाले म्हणजे तांबडीमाती रांगेत उभे होते त्याच्या अगदी शेजारचा भाग. थोड्याच दिवसांत तिथे मुदर्रिस (मदरशांतले शिक्षक), काझी, बिनकामाचे अंमलदार असे सगळे जमू लागले. कोणी पुस्तक वाचतोय, कोणी सोंगट्या खेळतोय, कोणी नवी गझल आणलीय. लोक त्या जागांना 'मक्तब-ए-इरफान', ज्ञानाची शाळा, म्हणू लागले. मशिदी ओस पडल्या आणि कॉफीखाने भरले अशी तक्रार धर्मपंडितांनी केली नसती तरच नवल. जळून कोळसा झालेला पदार्थ खाणं निषिद्ध, आणि कॉफीचा दाणा भाजून काळा करतात, सबब निषिद्ध, असा युक्तिवादही झाला.

थोडक्यात, तुर्कांनी कॉफी दिली नाही. कॉफी करायची, वाढायची आणि तिच्याभोवती तासन्‌तास बसायची पद्धत मात्र त्यांचीच. २०१३ मध्ये युनेस्कोने वारसा यादीत घेतली तीही 'तुर्की कॉफीची संस्कृती आणि परंपरा' म्हणून.

चहाबाज | शनिवार, सकाळी ११:०२

एवढं सगळं लिहिलंत, पण तुर्कस्तानात माणसं दिवसभर चहा पितात हो. आठ दिवसांत मला कॉफी दोनदा मिळाली आणि ट्यूलिपच्या आकाराच्या काचेच्या पेल्यातला बिनदुधाचा चहा ऐंशी वेळा. गालिचेवाल्याकडे तर मी चहा पिऊन गालिचा न घेता सटकलो. (अभिमान वगैरे नाही. थोडा आहे.)

बखरवाचक | शनिवार, सकाळी ११:१५

@चहाबाज, बरोबर आहे. तुर्कस्तानात कॉफीचं झाड उगवत नाही. पहिल्या महायुद्धानंतर यमन हातातून कायमचा गेला, कॉफी परदेशी चलन मोजून आणायची वस्तू झाली. नव्या प्रजासत्ताकाने काळ्या समुद्राकाठी रिझेला चहा लावला, १९४७ मध्ये तिथे पहिला कारखाना निघाला, आणि चहा स्वस्त झाला. कॉफी राहिली पाहुण्यांसाठी, सणासाठी, जेवणानंतरसाठी. तरी भाषेतून ती गेली नाही. न्याहारीला तुर्की शब्द 'काहवाल्ती', म्हणजे कॉफीच्या आधीचं खाणं. तपकिरी रंग म्हणजे 'काहवेरेंगी'.

सरबत | शनिवार, सकाळी ११:४०

रेंगी = रंगी! कॉफीरंगी!! मज्जाच की.

मोडीचाखडू | शनिवार, दुपारी १२:२६

शब्दांचा विषय निघालाच आहे तर. तुर्कीत 'सादे काहवे' म्हणजे बिनसाखरेची. सादे म्हणजे आपलं सादा. साखर हवी तर 'शेकेरली', आणि शेकेर ही आपलीच साखर, फारसीमार्गे तिकडे पोचलेली. फिंजान म्हणजे तो छोटा कप. जुन्या मराठीत चिनी मातीच्या भांड्याला पिंगाणी म्हणत, त्याच कुळातला. आणि कॉफीच्या दाण्याला आपल्याकडे 'बुंद' म्हणत, तो अरबी 'बुन्न'.

पण मला सगळ्यात आवडतो तो वेगळाच. तुर्कीत म्हण आहे, 'बिर फिंजान काहवेनिन कर्क यिल हातिरि वार'. इंग्रजीत तिचं भाषांतर सहसा असं करतात की एका कप कॉफीची आठवण चाळीस वर्षं राहते. मूळ शब्द आहे हातिर, अरबी खातिर, आणि तो आपल्याकडे आहे तस्साच: तुझ्या खातर, खातिरदारी, खातरजमा. म्हणजे एका फिंजानभर कॉफीची चाळीस वर्षं खातर. मराठीत भाषांतर करायची गरजच नाही.

दीडशहाणी | शनिवार, दुपारी १२:४०

मोडीचाखडू, दंडवत घ्या. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, ते प्यायल्या कॉफीला.

खमंग | शनिवार, दुपारी १२:४४

आणि मीठ घातलेली कॉफी प्यायलेला नवरा दोन्हीला जागतो. हलके घ्या.

बॉस्फरसकर | शनिवार, संध्याकाळी ६:१०

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं इस्तंबूलला आहे, आशियाच्या बाजूला राहते. मीठवाली गोष्ट खरी आहे. मुलीला मागणी घालायला मुलाकडचे येतात त्या कार्यक्रमाला 'कझ इस्तेमे' म्हणतात. कॉफी मुलीनेच करायची, सगळ्यांना नीट, आणि मुलाच्या कपात मीठ. त्याने तोंड वाकडं न करता संपवायची. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी मी हजर होते. तिने मिठाबरोबर लाल तिखट आणि लिंबू पण घातलं होतं. मुलगा पहिल्या घोटाला थांबला, छताकडे बघितलं, मग सगळी एका दमात गाळासकट प्यायला. वडील मंडळी हसून बेजार. लग्न मात्र त्याआधीच पक्कं झालेलं असतं बरं का, ही निव्वळ गंमत. आपल्याकडे जोडे पळवतात तसं.

आता फेस. तांबडीमाती, काही प्रश्न आहेत:
पाणी गार घेता की गरम?
साखर कधी घालता?
जेझवे किती कपांचं आहे?

तांबडीमाती | शनिवार, संध्याकाळी ६:५५

पाणी गरम, वेळ वाचतो म्हणून. साखर कपात, वरून. जेझवे पाच कपांचं आहे, पण कॉफी मी एकट्यापुरती करतो.

बॉस्फरसकर | शनिवार, संध्याकाळी ७:२०

तिन्ही चूक. :)

गार पाणी, कपाला साधारण ६०-७० मिली, म्हणजे त्याच फिंजानने मोजायचं. पूड दोन चमचे, साखर हवी तेवढी सुरुवातीलाच. सगळं गार असतानाच ढवळून घ्यायचं, मग चमचा लांब ठेवायचा, पुन्हा ढवळायचं नाही. सगळ्यात लहान बर्नर, आच जेवढी कमी होईल तेवढी. तीन-चार मिनिटं लागू देत. कडेने फेस धरायला लागतो, मध्ये सरकतो, आणि गळ्यातून वर चढतो. चढला की उकळी फुटायच्या आत उचलायचं. फेस चमच्याने आधी कपात घालायचा, जेझवे पुन्हा क्षणभर आचेवर, मग कडेने हळूच ओतायचं.

म्हणूनच तर साखर किती ते इकडे आधी विचारतात: सादे, आझ शेकेरली (कमी गोड), ओर्ता (मध्यम), शेकेरली. नंतर कपात साखर घालून ढवळली की खाली बसलेला गाळ वर येतो आणि फेस मोडतो.

आणि पाच कपांच्या जेझवेत एका कपाचं पाणी बुडाशीच राहतं, गळ्यापर्यंत पोचत नाही. फेस धरायचं काम त्या निमुळत्या गळ्याचं. एका कपाचं लहान जेझवे घ्या किंवा चार पाहुणे बोलवा.

चहाबाज | शनिवार, संध्याकाळी ७:२५

पत्ता द्या, येतो.

कोकणकडा | शनिवार, रात्री ९:०२

भांडं आतून बघा आधी. तांब्याला आत कल्हई आहे का? पर्यटकांना विकतात त्यातली काही नुसती शोभेची असतात, आत कोरं तांबं. त्यात काही करून पिऊ नका. आमच्याकडे वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा, आता शोधावा लागतो.

मोडीचाखडू | शनिवार, रात्री ९:१०

कल्हईवाल्याला तुर्कीत 'कालायजी' म्हणतात. मी काही बोलत नाही.

मुळशीकर | शनिवार, रात्री १०:४०

धागा छान चाललाय, पण मला हे कौतुक जरा जास्त वाटतं. तुर्की कॉफी मी दोनदा प्यायलो, दोन्ही वेळा दातांत वाळू. कॉफी म्हणजे आमच्या आईची. दूध आटवलेलं, जायफळ उगाळून, वर वेलदोडा, कपाला साय चिकटलेली. ती प्यायली की माणूस झोपतो. कॉफीने झोप यावी ही खरी संस्कृती. चिमणीच्या कपात चिखल देऊन वर युनेस्कोचं प्रमाणपत्र कशाला?

बॉस्फरसकर | शनिवार, रात्री ११:१५

@मुळशीकर, वाळू लागली म्हणजे एक तर ओतल्यावर लगेच प्यायलात, नाही तर तळापर्यंत प्यायलात. दोन मिनिटं थांबायचं, गाळ (इकडे तेलवे म्हणतात) खाली बसू द्यायचा. सोबत पाण्याचा ग्लास येतो, ते पाणी आधी प्यायचं, तोंड स्वच्छ व्हायला. आणि शेवटचा बोटभर भाग सोडून द्यायचा. ही पूड पिठीसाखरेइतकी बारीक असते, एस्प्रेसोच्या पुडीहून कितीतरी बारीक, त्यामुळे गाळायचा प्रश्नच येत नाही.

जायफळाची कॉफी मला पण प्रिय आहे हो. येताना दरवेळी जायफळं आणते. पण ते दूध आहे, कॉफीचा वास असलेलं.

मुळशीकर | शनिवार, रात्री ११:१९

निषेध! तीव्र निषेध!

तांबडीमाती | रविवार, सकाळी ७:५०

अं... "गाळायचा प्रश्नच येत नाही" म्हणजे? मी चहाच्या गाळणीने गाळतोय की.

खमंग | रविवार, सकाळी ७:५२

😂😂😂

दीडशहाणी | रविवार, सकाळी ७:५८

सात वेळा फेस गाळणीत अडकवून हा माणूस धागा काढून विचारतोय की फेस कुठे गेला!

बॉस्फरसकर | रविवार, सकाळी ८:३०

मी काल तीन प्रश्न विचारले, चौथा विचारायचं सुचलंच नाही.

पाटावरवंटा | रविवार, सकाळी १०:०५

भाऊ, मी नागपूरचा, पण दोन वर्षं साराजेवोला होतो. तिथं याला तुर्की कॉफी म्हटलं का बोस्नियन मित्र डोळे वटारून बघते. त्यांची पद्धत वेगळी आहे, पूड भांड्यात नुसती थोडी गरम करतात आणि वरून उकळतं पाणी. तांब्याच्या ताटलीत ते भांडं, बिनकानाचा कप, साखरेचे खडे आणि लोकुम असं सगळं समोर ठेवते, ओतून तुम्हीच घ्यायचं. खडा कॉफीत टेकवून दाताखाली धरायचा आणि वरून घोट.

अन् त्यांच्याकडे कॉफीची नावं वेळेप्रमाणं. पाहुणा आला का एक, गप्पा रंगल्या का दुसरी, आणि शेवटची 'सिक्तेरुशा'. ती समोर आली का समजायचं, आता उठा. नावाचा अर्थ इथं लिहिला तर संपादक धागा उडवतील.

कोकणकडा | रविवार, सकाळी १०:२२

आमच्याकडे त्यासाठी अत्तरगुलाब आणि पानसुपारी होती. शिवी न देता तेच काम.

बखरवाचक | रविवार, सकाळी १०:५०

नावावरून भांडणं म्हणाल तर ग्रीसमध्ये हीच कॉफी पूर्वी सर्रास 'तुर्की' म्हणूनच मागत. १९७४ मध्ये सायप्रसवर तुर्की फौजा उतरल्या आणि त्यानंतर ती 'ग्रीक कॉफी' झाली. कप तोच, गाळ तोच.

गाइडचा दुसरा मुद्दा राहिला होता. सुलतान म्हणजे चौथा मुराद. १६३३ मध्ये इस्तंबूलला मोठी आग लागली, तिचं निमित्त करून त्याने कॉफीखाने पाडायला लावले आणि तंबाखूवर बंदी घातली. बंदी मोडणाऱ्यांना देहदंड झाले हे खरं, पण त्याचा रोख कपातल्या कॉफीपेक्षा कपाभोवती बसून दरबाराची उणीदुणी काढणाऱ्या माणसांवर होता. गंमत म्हणजे तो स्वतः दारूचा शौकीन. तो वेषांतर करून गल्लोगल्ली हिंडायचा आणि जागच्या जागी मुंडकं उडवायचा, हे गाइडांचं आवडतं पात्र. त्याच्यानंतर कॉफीखाने पुन्हा उघडले.

सरबत | रविवार, सकाळी ११:०५

म्हणजे पारावरच्या गप्पा बंद करायच्या म्हणून पारच तोडायचा.

घाटवाट | रविवार, दुपारी १:३०

आणि आपल्याकडे कॉफी आली ती याच वाटेवरून ना? बाबा बुदनने हजहून येताना तुर्कांच्या नाकाखालून यमनच्या मोखा बंदरातून सात दाणे आणले, चिकमगळूरच्या डोंगरात लावले. बाबा बुदनगिरीला मी दोनदा जाऊन आलोय. जुलैत पाऊस असा की समोरचा माणूस दिसत नाही, आणि दर्ग्याखालच्या टपरीवर फिल्टर कॉफी.

बखरवाचक | रविवार, दुपारी १:५५

@घाटवाट, कथा सतराव्या शतकातली, साधारण १६७० ची म्हणून सांगतात. पण 'तुर्कांच्या नाकाखालून' नको. तुर्कांना यमनमधून स्थानिक इमामांनी १६३५ च्या आसपासच हाकललं होतं, ते परत आले थेट एकोणिसाव्या शतकात. नाक इमामाचं होतं. सात दाणे ही आख्यायिका आहे, ती गोड आहे, राहू द्या.

घाटवाट | रविवार, दुपारी २:०१

बरं. इमामाच्या नाकाखालून.

कोकणकडा | रविवार, दुपारी ४:१५

अवांतर: कॉफी महाग झाली की तुर्कस्तानात लोक काय प्यायचे? आमच्या आजीकडे टाकळ्याच्या बिया भाजून, कुटून त्याची कॉफी व्हायची. रंग डिट्टो, चव... असो.

बॉस्फरसकर | रविवार, संध्याकाळी ५:४०

इकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हरभरे भाजून त्याची कॉफी करत. १९७० च्या दशकाच्या शेवटीही परकीय चलन नव्हतं तेव्हा दुकानांतून कॉफी गायब झाली होती. माझ्या घरमालकीणबाई सांगतात, त्या वर्षांत जर्मनीत कामाला असलेला दीर सुट्टीवर येताना कॉफीची पाकिटं आणायचा आणि त्या ती कपाटात कुलपात ठेवायच्या, दागिन्यांच्या डब्याशेजारी.

आग्नेयेकडे गाझियानतेपला 'मेनेंगिच' नावाची कॉफी मिळते. ती पिस्त्याच्या भावकीतल्या एका रानटी झाडाच्या फळांची, दुधात करतात, आणि तिच्यात कॉफी औषधालाही नसते. तुमच्या टाकळ्याची बहीण म्हणा. मुळशीकरांना आवडेल, चिखल नाही.

मुळशीकर | रविवार, संध्याकाळी ५:४४

विचार करतो.

दीडशहाणी | रविवार, संध्याकाळी ६:३०

कपात भविष्य बघतात ते राहिलंच की!

बॉस्फरसकर | रविवार, रात्री ८:१०

हो, ते 'फाल'. कॉफी पिऊन झाली की बशी कपावर पालथी ठेवायची, मनात इच्छा धरायची, दोन्ही धरून झटक्यात उलटं करायचं आणि गार होऊ द्यायचं. काही जणी वर अंगठी ठेवतात. मग गाळाचे ओघळ वाचायचे. पक्षी म्हणजे 'हाबेर', खबर येणार. मासा म्हणजे 'किस्मेत'. लांब रेघ म्हणजे प्रवास. ऑफिसात दुपारी आमचा हाच धंदा. विश्वास कोणाचा नसतो, पण कप न दाखवता कोणी उठत नाही. त्यावर म्हणच आहे, फालवर विश्वास ठेवू नये आणि फालवाचून राहू नये.

खरं सांगू का, सहा वर्षांत इथल्या बायकांची सुखदुःखं मला जी कळली ती याच पालथ्या कपांमुळे. "तुझ्या कपात एक उंच माणूस दिसतोय, पाठ फिरवलेला" असं कोणी म्हटलं की समोरची आपोआप बोलायला लागते.

तांबडीमाती | पुढचा शनिवार, सकाळी ८:२०

मंडळी, अपडेट.

कोकणकडांच्या सांगण्यावरून आत बघितलं, कल्हई आहे. जेझवे पाच कपांचं, तेव्हा काल रात्री जेवायला शेजारच्या जोडप्याला बोलावलं, आम्ही दोघं आणि आई. बरोब्बर पाच. गार पाणी, साखर आधी, एकदाच ढवळलं. गाळणी सौ.नी लपवून ठेवली होती. आच एवढी बारीक की दोनदा विझली. चौथ्या-पाचव्या मिनिटाला कडेला तांबूस कड धरली, मग ती आत आत सरकत आली आणि मधलं काळं वर्तुळ बंद झालं. मी सगळ्यांना ओट्यापाशी हाका मारल्या. तेवढ्यात ते वर आलं आणि निम्मं शेगडीवर उतू गेलं.

पण उरलेल्या निम्म्यावर फेस होता. पाच कपांत वाटून प्रत्येकी एक चमचा.

आई म्हणाली कडू आहे, पण संपवली. मग दीडशहाणींमुळे कप पालथे घातले. आईने माझा कप चष्मा लावून दोन मिनिटं निरखला आणि म्हणाली, "मला तर यात शेगडी पुसणारा माणूस दिसतोय."

खमंग | पुढचा शनिवार, सकाळी ८:२४

फाल खरा निघाला!

चहाबाज | पुढचा शनिवार, सकाळी ८:३१

चार पाहुणे बोलवा असं ठरलं होतं. मी पत्ता मागितला होता. नोंद घेतली आहे, चाळीस वर्षं ठेवीन.